धुक्यातला मठ

मुलांचा काळा पेहराव पाहून आणि त्यांचे गॉथिक रॉक ऐकून पालक धास्तावतात. म्हणून ‘द क्युअर’ या इंग्लिश वाद्यवृंदाची ‘फेथ’, म्हणजे ‘श्रद्धा’, ही १९८१ ची ध्वनिमुद्रिका आम्ही लक्षपूर्वक ऐकली. संथ ड्रम, खर्जातली बास गिटार, दुरून येणारा एकाकी स्वर. त्यात आम्हांला निंदा नव्हे, व्याकुळता ऐकू आली. १३० वे स्तोत्रही खोल गर्तेतूनच आळवलेले आहे. मुखपृष्ठावर यॉर्कशायरमधील बोल्टन मठ धुक्यात दिसतो. आठव्या हेन्रीच्या काळी तो बंद झाला. पूर्वेकडील भाग भग्न झाला, पश्चिमेकडील भागात मात्र आजही उपासना चालते. आपली काही मुले त्या भग्न बाजूस उभी आहेत. मधल्या भिंतीला आपण दार ठेवावे.