क्रोशाची डायरी आणि हाना होख

2016 साली डोंबिवलीचं घर रिकामं करताना मी एक डायरी रद्दीत घातली. दोनच दिवस हातात, सोमवारी रिलीज, त्यामुळे दिसेल ते पोत्यात कोंबत होतो. डायरी आईची. कुठल्याशा बँकेने फुकट दिलेली, आत मासिकांतून कापून चिकटवलेले क्रोशाचे नमुने, मधूनमधून तिने स्वतः आखलेले चौकोन आणि टाक्यांचे हिशेब. कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "असू दे, आता डोळे कुठे साथ देतात." विषय संपला. म्हणजे मला तसं वाटलं होतं.

परवा रात्री झोप येईना म्हणून हाना होख या जर्मन चित्रकर्तीबद्दल वाचत बसलो, आणि ती डायरी धाडकन समोर आली.

होखबाई 1889 च्या, गोथा गावच्या. बर्लिनच्या दादा चळवळीतल्या (आपला गल्लीतला दादा नव्हे!) आणि फोटो कापून-जोडून चित्र करण्याची पद्धत रुजवणाऱ्यांपैकी एक. पण मला अडकवलं ते त्यांच्या नोकरीने. 1916 ते 1926 अशी दहा वर्षं त्या उल्श्टाइन या बड्या प्रकाशनगृहात आठवड्याचे तीन दिवस कामाला जात. काम काय, तर बायकांच्या मासिकांसाठी भरतकामाचे, लेसचे, विणकामाचे नमुने तयार करणं. थोडक्यात, आईच्या डायरीत जे चिकटवलेलं होतं ते काढणारी बाई!

एखादा म्हणेल, पोटासाठी केलं झालं. मुळीच नाही. 1918 साली त्यांनी भरतकामावर एक लेखच लिहिला. भरतकाम ही चित्रकलेच्या नात्यातली कला आहे, ती त्याच गांभीर्याने करा, असं बायकांना बजावणारा. आणि ऑफिसचं सामान सरळ चित्रांत आणलं. 1922 चं त्यांचं एक कोलाज लेसच्या नमुन्यांचे कागद कापून केलंय. नाव काय, तर एका महत्त्वाच्या लेसच्या शर्टाच्या स्मारकाचा आराखडा. हसू आलं की नाही?

त्यांचं सर्वांत गाजलेलं कोलाज 1920 च्या बर्लिनमधल्या दादा प्रदर्शनात होतं. नावातच स्वयंपाकघरातली सुरी आहे. मी ते स्क्रीनवर झूम करकरून पाहिलं. आइन्स्टाइन आहे, यंत्रांची चाकं आहेत, एका नर्तकीच्या धडावर तरंगणारं केथे कोलविट्झ या चित्रकर्तीचं डोकं आहे. उजव्या खालच्या कोपऱ्यात युरोपचा छोटा नकाशा: कुठे बायकांना मताधिकार मिळाला ते दाखवणारा. तिथेच बाईंनी स्वतःचा इवलासा चेहरा चिकटवलाय. त्यातली बरीच कात्रणं उल्श्टाइनच्याच साप्ताहिकातली.

गंमत म्हणजे (गंमत कसली), जॉर्ज ग्रोस आणि जॉन हार्टफील्ड यांना त्या प्रदर्शनात बाई नकोच होत्या. हान्स रिख्टर या सहकाऱ्याने पुढे आठवणी लिहिल्या, त्यात बाईंचं कौतुक काय, तर पैशांची चणचण असतानाही त्या सगळ्यांसाठी सँडविच, बिअर, कॉफीची सोय करायच्या. क्रांतिकारकांनासुद्धा चहापाण्याला कुणीतरी लागतंच.

नाझींच्या काळात ही कला बाळगणंही धोक्याचं झालं. 1939 मध्ये बाईंनी बर्लिनच्या कडेला हाइलिगेनझेला एक घर घेतलं आणि दादा काळातली चित्रं, कागद तिथे लपवून जपले. आज हे सगळं बघायला मिळतं त्यात त्या घराचा मोठा वाटा आहे. तिथेच 1978 पर्यंत राहिल्या. कात्री शेवटपर्यंत हातात; ऐंशी ओलांडल्यावर, 1972-73 मध्ये, स्वतःच्याच आयुष्यभराच्या फोटोंचं एक भलंमोठं कोलाज केलं.

त्यांनी बाँबवर्षावात कागद सांभाळले. मी रिलीजसाठी पोत्यात भरले. असो.

काल आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, त्या डायरीतलं काही आठवतं का गं? ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "अननसाचा नमुना पाठ आहे मला. टीव्हीवरचा रुमाल तोच होता ना." आणि टाके सांगायलाच लागली, साखळी किती, खांब किती. मी पेन शोधेपर्यंत तिसऱ्या ओळीवर पोचली होती.

"थांब थांब, पहिल्यापासून सांग," म्हटलं.

"तुला काय करायचंय?"

"लिहून घेतोय."

"असं लिहून नाही कळत रे. पुढच्या शनिवारी येशील तेव्हा पांढरा दोरा आण. चाळीस नंबरचा. आणि चष्म्याचा नंबरही तपासायचाय माझ्या, गाडी घेऊन ये."