थोडक्या खर्चात सोलापूर

सोलापुरात इंग्रजी अंमलाच्या खुणा पाहण्यास फारसा पैसा लागत नाही. पायपीट तेवढी हवी. आप्पासाहेब वारदांनी बांधलेले नक्षीदार इंद्रभुवन आज महापालिकेकडे आहे. त्याच्या वैभवाने डोळे दिपतात खरे. पण तो काळ समजतो तो चार हुतात्मा चौकातच. मे १९३० मध्ये या शहरावर लष्करी कायदा लादला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चौघे चार समाजांचे. त्यांच्या पुतळ्यांपासून भुईकोट किल्ला व सिद्धेश्वर तलाव जवळच आहेत. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्यांस ज्वारीची कडक भाकरी स्वस्तात मिळते. शेंगाचटणीत मात्र लसूण असतो, तेव्हा विचारूनच घ्यावी.