भाड्याची गाडी आणि कलापूर

बालमित्रांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या बरं! उजवीकडे वर नागपूर सापडलं? तिथून वर्ध्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर बोट सरकवलंत की मध्येच आमचं सिंदी लागतं. नावापुढे कंसात 'रेल्वे' लिहावं लागतं, कारण वर्ध्याला लागून दुसरं सिंदी आहे, सिंदी (मेघे). आता बोट तिरपं खाली न्या, डावीकडे, अगदी कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत. थांबा! हे कोल्हापूर. लोक त्याला कौतुकानं 'कलापूर' म्हणतात. तिथेच आम्ही सुट्टीत जाऊन आलो.

गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस वर्ध्याला पकडायची आणि बसून राहायचं. अकोला, भुसावळ, मनमाड, पुणे, सातारा, मिरज... एक अख्खी रात्र गाडीत जाते, तरी आपलं राज्य काही संपत नाही! खिडकीबाहेरची कपाशी कधीतरी मागे पडते आणि उसाचे हिरवेगार फड सुरू होतात.

तीन दिवसांसाठी आम्ही तिथे भाड्याची गाडी ठरवली. आईबाबांसाठी एक सूचना : ठरवतानाच सगळं विचारून घ्या. दिवसाला किती किलोमीटर, त्यापुढे दर काय, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा का, टोल आणि पार्किंग कुणी भरायचं. आधी बोललं की मागून कटकट नको.

गाडीबरोबर आले ड्रायव्हरमामा. आमच्या पाचवीतल्या कन्येनं पहिल्याच वळणावर विचारलं, "मामा, आपण कुठी जाऊन राहिलो?" मामा गोंधळले. "जाऊन राहिलो म्हंजे? जायचं हाय का ऱ्हायाचं हाय?" झालं! पुढचे तीन दिवस दोघांचं हेच चाललं होतं. तिनं 'लई भारी' उचललं आणि मामा 'करून राहिलो' म्हणायला शिकले.

बिंदू चौकापाशी मामांनी गाडी उभी केली. "सर, इथनं फुडं चालत जावा. गाडीतनं कोल्हापूर दिसत न्हाई." पैसे गाडीचे भरायचे आणि चालायचं पायी, हे मला जरा विचित्रच वाटलं. पण मामांचं खरं होतं. जुन्या शहराच्या गल्ल्या अरुंद आहेत, आणि बघण्यासारखं बरंचसं दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत आहे.

आधी अंबाबाईचं देऊळ. काळ्या दगडाचं, कोरीव खांबांचं, कित्येक शतकं उभं असलेलं. इथे वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो, तो ठाऊक आहे का? ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसंच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळत्या सूर्याचे किरण पश्चिमेकडून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. आता वही घ्या आणि मोजा. २२ डिसेंबरच्या आसपास आपल्याकडे सर्वांत लहान दिवस असतो. १० नोव्हेंबर त्याच्या किती दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी किती दिवस नंतर? दोन्हीकडे एकेचाळीस-बेचाळीस! दक्षिणेकडे जाताना सूर्य ज्या जागी मावळतो, परत येताना तो पुन्हा त्याच जागी मावळतो. हे ओळखून देऊळ बांधणाऱ्यांकडे ना दुर्बीण होती ना संगणक. मात्र वाटेत एखादं उंच बांधकाम आलं की किरण अडतो. त्यामुळे तो मार्ग मोकळा ठेवण्याची चर्चा तिथे वारंवार होते.

देवळातून भवानी मंडप जवळच आहे. शाहू महाराजांचं नाव तुम्ही इतिहासात वाचलंच असेल. १८९४ ते १९२२ हा त्यांचा राज्यकाळ. प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा निर्णय त्यांनी १९१७ सालीच घेतला. म्हणजे 'शाळेत जा' म्हणून मागे लागणाऱ्या आम्हा गुरुजींचे ते मोठे गुरुजी! पण मला सांगायचंय ते वेगळंच. १९०२ साली ते युरोपला गेले होते. तिथे रोममधलं प्राचीन गोल क्रीडागार पाहिलं आणि परत आल्यावर कोल्हापुरात खासबाग मैदान बांधून घेतलं. १९१२ मध्ये ते पूर्ण झालं. मधोमध लाल मातीचा हौदा आणि भोवती उतरती गोलाकार बैठक. कुठेही बसा, समोरच्याचं डोकं आड येत नाही. आमची कन्या तीन ठिकाणी बसून खात्री करून आली.

आणि या कुस्तीच्या मैदानाला अगदी खेटून नाट्यगृह! १९१५ सालचं. आधी त्याचं नाव होतं पॅलेस थिएटर. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. केशवराव कोल्हापूरचेच, जन्म १८९०चा. विशीही गाठली नव्हती तेव्हा, १९०८ मध्ये, त्यांनी 'ललितकलादर्श' ही नाटक मंडळी काढली. १९२१ साली बालगंधर्व आणि ते एकाच रंगमंचावर 'मानापमान'मध्ये उभे राहिले, त्या प्रयोगाच्या आठवणी लोक अजून सांगतात. त्याच वर्षी केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

या नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती! लाकडी रंगमंच, पडदे, छप्पर, सगळं धडाधडा पेटलं. शहरातले नट, गायक, पडद्यामागची माणसं रात्रीच धावत आली. अनेकांना रडू आवरलं नाही. आम्ही गेलो तेव्हा पुन्हा उभारणीचं काम चालू होतं. बाहेरूनच पाहावं लागलं.

"इमारतीसाठी कुणी रडतं का?" कन्येनं विचारलं. मी उत्तराच्या तयारीत होतो, तेवढ्यात मामाच बोलले. "पोरी, माझं बारीकपणीचं गॅदरिंग तिथंच झालंतं. मी झाड झालतो. दोन तास हात वर करून हुबा हुतो." ती हसली नाही. आमच्या शाळेचं गॅदरिंग बाकं जोडून केलेल्या स्टेजवर होतं, आणि गेल्या वर्षी तीही त्यात झाडच झाली होती.

दुसऱ्या दिवशी मात्र गाडीचे पैसे वसूल झाले. खरी कॉर्नरला एक आगळा स्तंभ आहे, त्यावर देव नाही की राजा नाही, आहे कॅमेरा! हा मान बाबूराव पेंटर यांच्या कॅमेऱ्याचा. त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री, घरात पिढीजात कारागिरी. बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. असे पडदे, की बघणाऱ्याला खरंच महालात आल्यासारखं वाटे. मग त्यांना सिनेमाचं वेड लागलं. आपला कॅमेरा आपणच बनवायचा, असं ठरलं. १९१६ मध्ये आनंदराव वारले, काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी ते सोडलं नाही. सहकारी दामले यांच्या मदतीनं त्यांनी कॅमेरा पुरा केला, आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी १९२९ मध्ये इथेच 'प्रभात' कंपनी काढली. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' (१९३२) त्यांचाच. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली.

आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला तुम्ही लाकडी बैल सजवून नेता ना? तो घडवणारा सुतारदादा आणि कॅमेरा घडवणारा मेस्त्री यांच्या हातात हत्यारं बरीचशी तीच : किकरं, पटाशी, रंधा. हे मी कन्येला सांगितलं, तर म्हणाली, "मग आपल्या सुतारदादांना कॅमेरा बनवायला कोणी सांगितलंच नसेल!"

टाऊन हॉलच्या संग्रहालयात एक वस्तू चुकवू नका. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात जुन्या वस्तीचे अवशेष मिळाले. त्यांत एक लहानशी कांस्यमूर्ती आहे, पोसायडनची. हा ग्रीक लोकांचा समुद्रदेव. कोल्हापूरला समुद्र नाही, मग देव आला कुठून? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्याशी आपला व्यापार चाले. कोकणातल्या बंदरांत माल उतरे आणि घाट चढून वर येई. मूर्ती पाहून झाल्यावर नकाशात सह्याद्रीचे घाट शोधा, मजा येईल.

नवा राजवाडा (१८८४) सुंदर आहे, पण तिथे गर्दी फार. रंकाळ्यावर संध्याकाळी जा. तांबडा रस्सा आमच्या सावजी जेवणाला तोडीस तोड तिखट, एवढंच सांगतो. आणि शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनमध्ये डोळे उघडे ठेवा. कातडं कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंत कितीतरी हात एका जोडामागे लागतात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ साली इटलीतल्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तश्शाच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता! इकडून जोरदार ओरड झाली, तेव्हा कंपनीनं मूळ भारतीय कारागिरीचं असल्याचं मान्य केलं. दुकानात भाव पाडून मागताना एवढं आठवा, बाबांनाही आठवण करून द्या.

तिसरा दिवस खिद्रापूरचा, कोल्हापूरपासून सुमारे साठ किलोमीटर. कृष्णाकाठचं कोपेश्वर मंदिर शिलाहार राजांच्या काळातलं. पावसाळ्यात नदी फुगते, तेव्हा हिवाळ्यातच जा. दाराशीच स्वर्गमंडप लागतो. अठ्ठेचाळीस खांब, आणि छताच्या मधोमध मोठं गोल मोकळं आकाश! बरोबर त्याखाली गोल शिळा आहे. तिच्याकडे बघून कन्या म्हणाली, "इथं गॅदरिंग केलं तर लाइटच लागणार नाही."

परतताना मामांनी नृसिंहवाडीला गाडी वळवली. इथे पंचगंगा कृष्णेला मिळते. घाटावर पाय बुडवा, आणि मग बासुंदी घ्या. पाव किलोनं भागणार नाही, आधीच अर्धा सांगा!