सदलग्याच्या वाटेवरची स्टेपनी

सदलगा हे माझे आजोळ. बेळगाव जिल्ह्यातले, दूधगंगेच्या काठावरचे गाव. बाहेरच्यांना ते जैन आचार्य विद्यासागर महाराजांचे जन्मगाव म्हणून माहीत असते. त्यांचा जन्म इथला, १९४६ सालचा. आम्हा भाचरांना मात्र ते मामीच्या शेंगदाण्याच्या चटणीचे गाव.

गेल्या जानेवारीत मामांच्या पंचाहत्तरीला आम्ही पुण्याहून निघालो. मागे आई आणि नऊ वर्षांची लेक. सहा वर्षांनी जात होतो. कोल्हापूर, कागल करत निपाणीला महामार्ग सोडला. पुढे दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच तंबाखूचे रान. ऊसतोडीचे दिवस, त्यामुळे रस्ताभर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. दिवस मावळायला आला आणि गाडी डावीकडे ओढू लागली. उतरून पाहिले, तर टायरमध्ये खिळा रुतलेला. बहुधा एखाद्या बैलाच्या नालेचा.

डिकीतला गालिचा उचलून स्टेपनी बाहेर काढली. जॅक होता, पाना होता, पण स्टेपनी हाताने दाबली तर आत गेली. तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाले थांबले. स्टेपनी चाचपून जोडीदाराला म्हणाले, "गाळी इल्ल री."

लेकीने माझा शर्ट ओढला. "बाबा, ते तुला शिव्या देतायत?"

आई खळखळून हसली. कानडीत गाळी म्हणजे हवा. 'हवा नाही हो' एवढेच ते म्हणाले होते. मग माझ्याकडे वळून, "पावणं, कुठं निघालाय?" मामांचे नाव सांगताच त्यांनी मागून येणाऱ्या मोटारसायकलला हात केला. स्टेपनी मांडीवर घेऊन मी मागे बसलो आणि पुढच्या गावातले पंक्चरचे दुकान गाठले.

पंक्चरवाल्याने हवा भरता भरता टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले: २३१६. म्हणजे २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. बाकीची चारही चाके मी मधल्या काळात बदलली होती, ही तशीच. रबर नुसते पडून राहिले तरी म्हातारे होते. अनेक कंपन्या सांगतात, दहा वर्षांनंतर टायर वापरू नका, मग तो एकदाही धावलेला नसला तरी.

परत आल्यावर चाक बदलले. हँडब्रेक ओढला, तिरक्या बाजूच्या चाकाला दगड लावला. नट आधी जमिनीवरच सैल केले, मग जॅक चढवला. काढलेले चाक लेकीने गाडीखाली सरकवले, जॅक घसरलाच तर आधार म्हणून. नवे चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे आवळले आणि गाडी खाली आल्यावर पुन्हा एकदा घट्ट केले.

स्टेपनी हा शब्दही लांबचा पाहुणा आहे. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी मोटारीचे जादा चाक विकायला काढले. दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून चाकाचे नाव स्टेपनी. तिकडे शब्द मागे पडला, आपल्याकडे मराठीत आणि कानडीतही राहिला. चाक मात्र आता कमी होते आहे. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचे किट असेल तर २०२० च्या नियमानुसार गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. तेव्हा तुमच्या गाडीत नक्की काय आहे, ते एकदा डिकी उघडून पाहा. स्टेपनी बारीक चाकाची असेल तर ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नका आणि मूळ चाक लवकर दुरुस्त करून घ्या.

सदलग्याला पोचेपर्यंत अंधार झाला होता. मामा दारातच उभे. सगळी हकिगत ऐकून म्हणाले, "सहा वर्षांत तिच्याकडं कुणी बघितलंच नसंल."

"हो मामा."

"मग हवा कशी राहील रं?" ते हसत होते. पण त्यांनी माझा हात हातात घेतला होता आणि मला वर बघवेना.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पेट्रोल पंपावर पाचही चाकांची हवा बघतो. लेक शेजारी बसून मामाआजोबांना फोन लावते. परवा त्यांनी विचारले, "स्टेपनी काय म्हणते?"

ती म्हणाली, "गाळी आहे री!"