वर्षभर बाकावर

इंडियानात शिकणाऱ्या भाच्यानं मला 'हूप्स डायनेस्टी' खेळायला लावलं. संगणकावरचा खेळ आहे. आपण अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक व्हायचं, मुलं निवडायची, सराव आखायचा, कोणाला किती मिनिटं खेळवायचं ते ठरवायचं. सामन्यांचे निकाल संगणक आकडेमोड करून लावतो. नवखा प्रशिक्षक तिसऱ्या डिव्हिजनमधून सुरुवात करतो, तशी मीही केली. पण मी वाढले चेंबूरच्या सुभाषनगरात, खो-खो आणि लंगडी खेळत. झोन डिफेन्स, मोशन ऑफेन्स हे सगळं डोक्यावरून जायचं. तेही हळूहळू कळत गेलं. कळेना ते रेडशर्ट.

खेळातला नियम असा: कॉलेजच्या खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येतं. म्हणजे एक वर्ष हाताशी राहतं. त्या वर्षी त्यानं संघाबरोबर सराव करायचा, सामना मात्र खेळायचा नाही. मग तो हंगाम खर्ची पडत नाही. माझ्याकडे एक उंच, कच्चा सेंटर होता आणि त्याच्यापुढे दोन अनुभवी मुलं. त्याला रेडशर्ट करायचं, पाचव्या वर्षी तो पुरता तयार झालेला मिळेल, असा सरळ हिशोब. संघाला शिष्यवृत्त्या बाराच. त्यातली एक पाच वर्षं अडकते, तेवढी किंमत मोजायची.

सेंटरनं ते निमूट मानलं. त्याच वेळी मी एका गार्डलाही बसवलं होतं. तो मात्र नाराज झाला आणि त्याचा वर्क एथिकचा, म्हणजे मेहनती वृत्तीचा, आकडा खाली आला. मी चक्रावले. सरावातून मुलगा किती भराभर सुधारतो ते बरंचसं याच आकड्यावर ठरतं. सुधारावा म्हणून बसवलं, आणि बसवल्यामुळेच सुधारणा मंदावली!

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, त्याच्या जागी तू असतीस तर?" मग मी दोघांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. सेंटर पुढच्या दोघांपेक्षा सगळ्याच बाबतीत मागे होता. गार्ड मात्र आत्ताच मैदानात उतरण्याच्या तोडीचा होता. निवड करताना मुलांना मिनिटांचं किंवा सुरुवातीच्या पाचात खेळवण्याचं वचन देता येतं, आणि तसं वचन दिलेल्याला बसवणं तर उघड अन्यायच. पण वचन नसतानाही, खेळण्याजोगा मुलगा खेळायचीच अपेक्षा घेऊन येतो. हे आकड्यांच्या बाहुल्यांच्या खेळात कुणीतरी विचार करून घातलंय, याचं मला फार कौतुक वाटतं.

रेडशर्टची खरी उदाहरणं वाचली तेव्हा आणखी उलगडलं. ईथन हॅप 2014-15 मध्ये विस्कॉन्सिनला आला. त्याच्या जागेवर फ्रँक कमिन्स्की होता, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. हॅप वर्षभर त्याच्याशी सरावात भिडला. संघ अंतिम फेरीत ड्यूककडून हरला, तेव्हाही तो बाहेरच होता. पुढच्या हंगामात तो बिग टेन या संघगटातला सर्वोत्तम नवोदित ठरला आणि 2019 मध्ये बाहेर पडला तेव्हा नावावर दोन हजारांहून अधिक गुण आणि हजाराहून अधिक रीबाउंड होते. केली ऑलिनिकचं मला त्याहून विशेष वाटतं. तो गोंझागाकडून दोन हंगाम खेळलेला होता. खेळायची चटक लागल्यावर 2011-12 चं अख्खं वर्ष बाहेर बसणं किती कठीण! परतला तो ऑल-अमेरिकन झाला, आणि 2013 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये तेराव्या क्रमांकावर निवडला गेला.

आमच्या इमारतीतली एक मुलगी कॉलेजकडून बास्केटबॉल खेळते. तिला हे सांगितलं तर ती पटकन म्हणाली, "काकू, मीपण एक वर्ष राखीवच होते. पण कशासाठी बसवलंय ते कोणी सांगितलंच नाही. मी सरावाला जायचंच सोडणार होते." आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची अट असते, बाकावर गेलेलं वर्ष कोणी परत देत नाही. तिचं ते वर्ष असंच गेलं. रेडशर्ट केलेल्या मुलाला निदान ते वर्ष राखून ठेवलंय एवढा भरवसा असतो, आणि तरीही तो रुसतो, तर हिचं काय झालं असेल? तिच्या प्रशिक्षकांनी पाच मिनिटं काढून बोलायला हवं होतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

यंदा माझ्याकडे तीन नवी मुलं आलीत. एकाला रेडशर्ट केलंय, तो अजून बराच कच्चा आहे. दुसरा फॉरवर्ड जवळजवळ तयार आहे, त्याला थोडी थोडी मिनिटं देतेय. भाचा म्हणतो, पाचव्या वर्षी तो हवा होता, तू घाई केलीस. असेल. तिसऱ्याचं मात्र अजून ठरत नाहीये: आकडे कच्चे आहेत, पण त्याला मिनिटांचं वचन मीच दिलंय. तो खेळेल.