लेकीचं एक पान



यंदा दशलक्षण पर्वात आमच्याकडे दोन गडबडी होत्या. एक बस्तीतल्या पूजेची, दुसरी लेकीच्या अर्जाची. तिला अमेरिकेत मेडिसिनची रेसिडेन्सी करायची आहे. तिकडच्या बहुतेक हॉस्पिटलांसाठी 'एरास' नावाच्या एकाच ठिकाणी अर्ज भरतात. सप्टेंबरअखेर ते अर्ज उघडून बघतात, मग मुलाखती, आणि मार्चमधल्या तिसऱ्या शुक्रवारी कुठे नंबर लागला ते कळतं. मार्क, शिफारसपत्रं जोडायची आणि स्वतःबद्दल साधारण एक पान लिहायचं. त्याला पर्सनल स्टेटमेंट म्हणतात.

कोणीतरी सुचवलं, पैसे घेऊन लिहून देणारे असतात. पण हे लिखाण माझंच आहे, असं अर्जात मान्य करावं लागतं. लेक म्हणाली, "सुरुवातच खोट्याने करू का, आई?"

पहिला कच्चा कागद तिने मला वाचायला दिला. मी पडले बी.कॉम., पण इंग्रजी कळतं. 'लहानपणापासून रुग्णसेवेचं स्वप्न...' मी म्हटलं, "अगं, लहानपणी तुला आईस्क्रीमचं दुकान काढायचं होतं!" ती हसली आणि कागद फाडला.

मग तिने इंटर्नशिपमधल्या एका आजीबद्दल लिहिलं. खेड्यातलं सरकारी आरोग्य केंद्र. आजींची साखर काही केल्या खाली येईना. गोळी बदलायचं ठरत होतं, तेवढ्यात हिने विचारलं, "आजी, रोज घेता ना?" आजी म्हणाल्या, घेते की, अर्धी अर्धी. गोळ्या फुकट होत्या, पण न्यायला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडायची. म्हणून महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवायच्या. हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ही गोष्ट तिने घरी कधी सांगितलीच नव्हती.

आर्जवाच्या दिवशी मी बस्तीतून आले, तर पान पूर्ण होतं. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की स्टेप वन परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले.

मी हादरले. कारण दोन वर्षं मी सगळ्यांना 'व्हिसाचं अडलंय' म्हणून सांगत होते. तुमच्यापैकी काही जणींनाही तेच सांगितलंय. मी म्हटलं, "हे काढून टाक. कोण विचारतंय?" ती म्हणाली, "निकालपत्रात प्रत्येक प्रयत्न दिसतो, आई. मी गप्प बसले तर ते स्वतःच काहीतरी ठरवतील." आता यावर मी काय बोलणार? तोटा ताळेबंदात दिसतोच, खाली टीप लिहिली नाही की ऑडिटर बोट ठेवतो, हे मीच कॉलेजात शिकले होते.

पण खरं पुढेच आहे. तिने कारण लिहिलं होतं, 'तयारी अपुरी असूनही मी तारीख पुढे ढकलली नाही, हा माझा निर्णय चुकला.' परीक्षेच्या तीन आठवडे आधी तिच्या भावाचं लग्न होतं. मानपान, आहेर, पाहुण्यांची उठबस, सगळ्यात मी तिला ओढलं. ती तारीख बदलू म्हणत होती. मीच म्हटलं होतं, "हुशार आहेस, होईल. लग्न काय परत परत येतं का?" परीक्षेचे भरलेले पैसेही माझ्या डोक्यात होते. यातलं एक अक्षर तिने लिहिलं नव्हतं.

मी विचारलं, "माझं नाव का नाही घातलंस?"

"अर्ज माझा आहे ना," म्हणाली, आणि स्वल्पविराम बघत बसली.

क्षमावाणीला आपण शंभर जणींना हात जोडतो. मी त्या दिवशी आधी स्वयंपाकघरात तिच्यापुढे जोडले. तिच्या हातात पोळीचं पीठ होतं, तशीच मिठी मारली. मग बस्तीत गेले. पहिल्याच काकूंनी विचारलं, "व्हिसा झाला का लेकीचा?"

मी म्हटलं, "व्हिसाचं काही नव्हतंच, काकू. बसा, सांगते."