शहाड ते ठाणे

बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. आजारीबिजारी नव्हते. बारावीचा अभ्यास करत होते!

हसू नका. परीक्षा माझी नव्हती, नातीची होती. लेकीची मुलगी. हिला इथे आपण चिऊ म्हणू, खरं नाव लिहिलेलं तिला आवडणार नाही. लेक टिटवाळ्याला राहते. घरात धाकटा भाऊ, दिवसभर टीव्ही, आणि शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये चिऊ पुस्तकांची पिशवी घेऊन आंबिवलीला माझ्याकडे आली ती परीक्षा संपेपर्यंत राहिली. कला शाखा, मराठी माध्यम. इतर विषयांना कुठे ना कुठे क्लास मिळाला, पण मानसशास्त्र मराठीतून शिकवणारं जवळपास कुणी मिळेना. लेक म्हणाली, "आई, तूच घे ना. बी.एड.ला होतं की तुला."

होतं! पण केव्हा? १९७४ साली. थॉर्नडाइकचं मांजर, पाव्हलॉव्हचा कुत्रा, स्किनरचा उंदीर आणि कोहलरचा सुलतान नावाचा चिंपांझी. आम्ही मुली त्या पेपरला प्राणिसंग्रहालय म्हणायचो. त्यातलं पुढे पस्तीस वर्षं वर्गात काय वापरलं म्हणाल, तर छडी न मारता समजावून सांगणं, आणि तेही सगळ्या दिवशी जमलं नाही. शिक्षेपेक्षा शाबासकीचा उपयोग जास्त, असं थॉर्नडाइकने स्वतःच नंतर आपला नियम सुधारून म्हटलं होतं. पण पंचावन्न मुलांच्या वर्गात शेवटच्या तासाला थॉर्नडाइक आठवत नाही हो.

तर पुस्तक हातात घेतलं. बालभारतीचं, २०२० साली आलेलं. लेखी परीक्षा ८० गुणांची, बाकीचे २० कॉलेजच्या हातात. बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, भावना, मानसिक विकार... आमच्या वेळच्या मानाने पुस्तक छान आहे, चित्रं आहेत, प्रसंग दिलेत. भाषेची मात्र गंमतच. 'अवधान' म्हणजे काय, असं चिऊने विचारलं. मी म्हटलं, अगं अवधान म्हणजे लक्ष. तरी चेहरा कोरा. शेवटी 'अटेन्शन' म्हटल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मराठी मुलीला मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीतून सांगायचा! असो. तो विषय वेगळा.

पहिल्याच आठवड्यात चिऊला नवीन विद्या मिळाल्यासारखं झालं. जिन्यात भेटेल त्याचं निदान. वॉचमनला संशयाचा विकार. तिच्या मैत्रिणीचा मूड सारखा बदलतो म्हणून तिला आणखी काहीतरी. मी झोपण्याआधी गॅस तीनदा बघते म्हणून मला ओसीडी! तेव्हा मी तिला चांगलं बजावलं, की बाई, पुस्तकात लक्षणं दिलीत ती लिहायला, माणसांवर चिकटवायला नाहीत. निदान करायचं ते डॉक्टरांनी. आपल्याकडे आधीच कुणी जरा वेगळं वागलं की "ठाण्याचं तिकीट काढा" म्हणतात. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे, म्हणजे ही थट्टाही चांगली चार-पाच पिढ्या जुनी. मी स्वतःही ती केलेली आहे. स्टाफरूममध्ये सगळेच करायचे.

अभ्यासाची तिची पद्धत म्हणजे हायलायटर घ्यायचा आणि पान पिवळं करायचं. मग ते पिवळं पुन्हा वाचायचं. पुन्हा वाचायचं. पाचव्यांदा वाचलं की "आलं मला". पुस्तक मिटून विचारलं की काही नाही! मग आम्ही मानसशास्त्रातलाच एक माणूस मदतीला घेतला. एबिंगहाउस नावाचे जर्मन गृहस्थ, यांनी स्वतःलाच प्रयोगाचं साधन केलं. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती उरतं ते मोजायचं. १८८५ साली ते छापलं. विसरणं सुरुवातीलाच फार भराभर होतं, नंतर मंदावतं. म्हणून एका बैठकीत दहादा घोकण्यापेक्षा आज, उद्या आणि चार दिवसांनी म्हणावं. आणि अलीकडचं म्हणजे २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवलं, की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून बघणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त येतं. पाच मिनिटांनी विचारलं तर उलट. तेव्हा वाचणारे पुढे असतात! म्हणूनच तर "आलं मला" असं वाटतं. आमच्या आईने पाढे संध्याकाळी दिव्यापाशी म्हणवून घेतले ते काय होतं दुसरं?

बुद्धिमत्तेच्या प्रकरणात मला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. बुद्धिगुणांकाचं गणित सोपं. मानसिक वय भागिले शारीरिक वय गुणिले १००. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय बारा असेल तर १२०. बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली ती वर्गात मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत मिळावी म्हणून. आपल्याकडे धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, १९४० साली त्यावर पुस्तक लिहिलं. हे मी चिऊला उत्साहाने सांगत होते आणि मनात एक मुलगा येऊन बसला होता. नाव लिहीत नाही. त्याला मी भर वर्गात 'ढ' म्हटलं होतं. दोन-तीन वर्षांपूर्वी स्टेशनबाहेर भेटला. माझी पिशवी घरापर्यंत आणून दिली, वाटेत चार रिक्षावाल्यांची भांडणं मिटवली. गार्डनर यांच्या सिद्धांतात आंतरव्यक्ती बुद्धिमत्ता म्हणून जी आहे ती अशीच असणार. जाऊ दे.

सांगायचं होतं ते पुढे आहे.

मानसिक विकारांचं प्रकरण चिऊच्या लक्षात राहीना. नैराश्याची लक्षणं नऊ. त्यातली निदान पाच, सलग दोन आठवडे, आणि पहिल्या दोनांपैकी एक हवंच. ती कधी पाच सांगायची, कधी सहा, आणि भीतीच्या विकारातलं एखादं त्यात घुसायचं. मग मला एक जुनी युक्ती आठवली. ओळखीच्या वाटेवरच्या एकेका ठिकाणी एकेक गोष्ट ठेवायची आणि मनाने त्या वाटेने चालत जायचं. ग्रीक लोकांपासून चालत आलेली आहे. आमची ओळखीची वाट कुठली? मध्य रेल्वे! आंबिवलीला स्लो गाडीत बसलं की शहाड, कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. मोजा. बरोबर नऊ! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

ही वाट आमच्या ह्यांची. हे छत्तीस वर्षं आंबिवलीहून दादरच्या एका कचेरीत गेले. २००४ साली अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त झाले. माझी शाळा अजून पाच वर्षं होती.

तर आजी आणि नात गाडीत बसल्या. म्हणजे दिवाणावर. मी प्रत्येक स्टेशनाला काहीतरी चित्र जोडून देत होते. शहाड, मन उदास, दिवसभर, जवळजवळ रोज. खिडकीशी बसलेला माणूस, बाहेर बघतो पण काही बघत नाही. कल्याण, आवडीच्या गोष्टीत रस नाही. एवढं मोठं जंक्शन, पण उतरावंसं वाटत नाही. ठाकुर्ली, भूक आणि वजन. डब्यातली पोळी तशीच परत. डोंबिवली, झोप. पहाटे तीनला जाग. कोपर, हालचाल मंद. दिवा, थकवा. काही न करता थकवा.

चिऊ पटापट लिहून घेत होती. "आजी, तू भारी चित्रं काढतेस!" म्हणाली.

चित्रं मी काढत नव्हते. हे मला दिव्याला कळलं.

निवृत्तीनंतर पहिला महिनाभर हे सकाळी तयार होऊन स्टेशनवर जायचे. ओळखीची गाडी जाईपर्यंत बाकावर बसायचे आणि परत यायचे. मला ते गमतीचं वाटलं, मी शाळेत सांगितलंही सगळ्यांना. मग तेही थांबलं. पेपर यायचा तो घडी न मोडता पडून राहायचा. शब्दकोडं सोडवल्याशिवाय चहा न पिणारा माणूस! दाढी चार-चार दिवस नाही. दुपारी मी आले की खिडकीशी. सकाळी होते त्याच खुर्चीत. ताटात वाढलेलं तसंच. रात्री मला जाग आली तर हे जागेच.

आणि मी काय केलं? मी शिक्षिका. मी त्यांना वेळापत्रक करून दिलं! सहा वाजता फिरणे, सात वाजता चहा-पेपर, नऊ ते दहा भाजी आणणे. पुठ्ठ्यावर चिकटवून कपाटाला लावलं. त्यांनी शहाण्या मुलासारखं चार दिवस पाळलं. पाचव्या दिवशी मी विचारलं, आज फिरायला का नाही गेलात? काही बोलले नाहीत. मी म्हटलं, "रिकामं बसून गंज चढतो माणसाला. मी दिवसभर उभी राहून शिकवते, मला नाही थकवा येत." हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. एबिंगहाउस काहीही म्हणोत.

"आजी, पुढचं स्टेशन?"

मुंब्रा. आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं, नको तो अपराधीपणा. कळवा. लक्ष लागत नाही, साधा निर्णय घेता येत नाही. एकदा भाजीवाल्यापाशी मेथी घ्यावी की पालक हे न ठरून रिकाम्या पिशवीने परत आले होते, आणि मी सगळ्यांसमोर हसले होते.

ठाणे तिचं तिनेच वाचलं. मृत्यूचे विचार.

एका रात्री अंधारात म्हणाले होते, "मी नसलो तरी तुझं तुझ्या पगारावर नीट चालेल गं." मी म्हटलं, भलतंसलतं बोलू नका, झोपा आता, मला पहाटे उठायचंय.

मी चिऊला सांगितलं, पाणी पिऊन येते. स्वयंपाकघरात जरा वेळ उभी राहिले. ती बाहेर मोठ्याने म्हणत होती, शहाड, कल्याण, ठाकुर्ली...

आता तुम्ही म्हणाल, तूच नातीला बजावलंस ना, माणसांना लक्षणं चिकटवू नकोस म्हणून! खरं आहे. त्यांना ते होतं की नव्हतं हे मी ठरवू शकत नाही, आणि कुणी डॉक्टरही आता ठरवू शकत नाही. साधारण दीड वर्षाने ते हळूहळू सावरले. सोसायटीचे हिशेब कुणाला जुळेनात, एकाने वह्या यांच्यासमोर आणून टाकल्या, तेव्हापासून की त्याआधीच, मला नक्की सांगता येत नाही. माझं लक्षच नव्हतं. पुढची वर्षं चांगली गेली. २०१४ साली हृदयविकाराने गेले तेव्हा चिऊ सात वर्षांची होती आणि तिला शब्दकोडी शिकवायला घेतली होती. पण त्या दीड वर्षाबद्दल आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नाही.

ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींची आय.पी.एच. ही संस्था १९९० पासून आहे. मला माहीत नव्हती असंही नाही! त्यांच्या 'वेध'ला मी शाळेची मुलं घेऊन गेले होते. दुसऱ्यांची मुलं नेली. गाडी तीच, स्टेशनं तीच. घरच्या माणसाला न्यावं हे डोक्यातसुद्धा आलं नाही. का, तर नवऱ्याला ठाण्याला नेलं असं कुणाला कळलं तर...

दुसऱ्या दिवशी लेकीला फोन केला. तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. म्हटलं, बाबा निवृत्त झाल्यावर कसे होते, आठवतंय का तुला? ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, बाबा मला रोज दुपारी फोन करायचे. जेवलीस का, विचारायचे. मग काहीच बोलायचे नाहीत. मीही फोन धरून बसायची. पाच-दहा मिनिटं. मग ठेवतो म्हणायचे." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "तू शाळेत असायचीस ना."

११ फेब्रुवारी २०२५ ला परीक्षा सुरू झाली. मानसशास्त्राच्या दिवशी मी चिऊबरोबर कल्याणपर्यंत गेले. गाडीत ती आठवा भाग, नववा भाग असं काही न घोकता खिडकीतून बघत होती. पेपर कसा गेला ते विचारायचं नाही असं आमचं ठरलं होतं, त्यामुळे विचारलं नाही. आल्यावर तीन तास झोपली. पुस्तक माझ्याकडेच ठेवून गेली आहे.

त्यातून एक काम केलं. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोनला पैसे पडत नाहीत. तिचा १४४१६ हा नंबर आमच्या इमारतीच्या फलकावर लिहिला. तळमजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, नवीन प्लंबर आला का हो बाई? सांगितलं त्यांना काय ते.

दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ गेल्या दिवाळीत निवृत्त झाले. पूर्वी जिन्यात भेटले की थांबून बोलायचे. हल्ली दिसतात ते गॅलरीत, त्याच टी-शर्टात. चिऊला मी जे बजावलं ते मलाही लागू आहे, मी काही ठरवलेलं नाही. फक्त उद्या सकाळी खाली जाऊन त्यांच्याकडे चहा मागणार आहे. बायको कामाला जाते, म्हणजे चहा त्यांनाच करावा लागेल. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. वेळापत्रक नेणार नाही एवढं नक्की.